सासूबाईंचं जावळ

"म्हणजे तुम्ही कुस्कोत जन्मलात, कुस्कोत वाढलात, आणि अजून माचू पिच्चू बघितलंच नाही?"

हा प्रश्न उबाल्दो पाचेकोंना त्यांच्या साडूने, म्हणजे रोमुलोने, रविवारच्या जेवणात विचारला. तोही तोंडात घास असताना, आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात. भट्टीत भाजलेल्या गिनीपिगची तंगडी हातात धरून तो उत्तराची वाट बघत राहिला. पाचेकोंच्या घशात बटाटा अडकला.

रोमुलो लिमाचा, समुद्रकाठचा माणूस. बाथरूमच्या फरशा विकायचा. कंपनीच्या कामासाठी दर जुलैत तो वर डोंगरात यायचा, हॉटेलचा खर्च वाचवून पाचेकोंकडे उतरायचा, आणि मुक्काम हलेपर्यंत कुस्कोच्या लोकांना इंका लोकांविषयी माहिती द्यायचा. ही माहिती त्याने मोबाइलवर मिळवलेली असे.

पाचेकोंचं बाजारामागे चष्म्याचं दुकान होतं. दुकानाची मागची भिंत इंका काळातली. त्या भिंतीत खिळा ठोकता येत नाही, कायद्यानेही नाही आणि हातोड्यानेही नाही. त्यामुळे नंबर तपासायचा तक्ता तिथे चिकटपट्टीने लावलेला असे आणि थंडी वाढली की तो हमखास खाली येई. ज्या माणसाचा तक्ता उभ्या जन्मात इंका भिंतीवरून घसरतो आहे, त्याने सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून आणखी इंका भिंती बघायला का जावं, असा पाचेकोंचा साधा विचार होता. पण साडूसमोर साधा विचार चालत नाही.

"माचू पिच्चू पाहुण्यांसाठी आहे," बटाटा गिळून पाचेको म्हणाले. "आम्ही कुस्कोकर तिथे जात नाही. खरं बघायचं तर वायरापुंकू बघावं."

या इंका अवशेषांचं नाव त्यांनी एका गिऱ्हाइकाकडून ऐकलं होतं. डोळ्यात औषध घातलेली माणसं काहीही बोलत असतात, तसं तेही बोललं होतं.

"वायरापुंकू? मी कधी ऐकलं नाही," रोमुलो म्हणाला.

"म्हणूनच."

या 'म्हणूनच'वर पाचेको स्वतःच इतके खूश झाले की त्यांनी आणखी एक बटाटा घेतला. तेवढ्यात त्यांची बायको दोमितिला म्हणाली, "मग जाऊया की! कधी जायचं?" दोमितिलाला लग्नानंतर सहल म्हणून फक्त एकदा, आणि तीही भिंगांच्या घाऊक दुकानात नेलेलं होतं. आणि कोपऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला, "मी पण येणार."

सासूबाई म्हणजे सातुर्निनाआजी. वय ऐंशीच्या आसपास, पाठीवर कमरेपर्यंत आलेल्या दोन वेण्या, टोकाला लाल लोकरीचे गोंडे. स्पॅनिश येत असूनही त्या घरात क्वेचुआ बोलत. पाचेकोंची क्वेचुआ दुकानापुरतीच होती. त्यामुळे जावई-सासूंचं नातं वर्षानुवर्षं शांततेचं राहिलं होतं.

झालं. सहल ठरली.

शेजारपाजाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण ते आलेच. व्हॅन द्यायला तयार झालेले आपोलिनार, व्हॅनच्या क्लचविषयी बोलायला म्हणून आले आणि स्वतःच्या गुडघ्याविषयी बोलून गेले. शेजारच्या विधवा ग्रेगोरियाबाईंनी मात्र कामाचा सल्ला दिला.

"वरच्या गावांत गाडीतून खाली उतरू नका, पाचेको. उतरलात की तुम्हाला पाद्रिनो करतात."

पाद्रिनो म्हणजे कुठल्याही शुभकार्याचा मानाचा धर्मपिता. बारशाला लागतो, लग्नाला लागतो, वाढदिवसाच्या केकलासुद्धा लागतो. मान त्याचा आणि खर्चही त्याचाच.

"करतात म्हणजे? माणूस नाही म्हणू शकतो."

"माझे हे नुसते लघवीला उतरले होते," ग्रेगोरियाबाई म्हणाल्या. "शाळेच्या फुटबॉल संघाचे पाद्रिनो होऊन परत आले. मरेपर्यंत त्या पोरांना बूट पुरवत होते बिचारे."

"माझ्या तोंडात जीभ आहे," पाचेको म्हणाले.

परवान्याचंही बघायला हवं होतं. पाचेको नियमाने चालणारे. ते टाय लावून संबंधित कचेरीत गेले. (टाय ते कायमच लावत. बिनटायच्या माणसाने काढलेल्या नंबरावर लोक विश्वास ठेवत नाहीत.) खिडकीतल्या बाईंनी पुष्कळ शोधून सांगितलं, "वायरापुंकूला तिकीट नाही."

"म्हणजे फुकट आहे?"

"फुकट नाही. तिकीट नाही."

"मग जाता येईल ना?"

"जाता येईल. आत शिरता येणार नाही."

"बाई, ते डोंगरावर उघड्यावर आहे. आत कुठून सुरू होतं?"

"ते अजून ठरायचंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. पाचेको बराच वेळ बंद खिडकीकडे बघत उभे होते. मग त्यांनी ठरवलं की आत नक्की कुठे सुरू होतं हे सरकारला माहीत नसेल, तर आपण आत शिरलो हेही सरकारला कळणार नाही.

शनिवारी पहाटे निघाले. पाचेको गाडी चालवत होते, शेजारी रोमुलो, मागे दोमितिला आणि सासूबाई, आणि त्यांच्यामध्ये उकडलेल्या मक्याचं गाठोडं. दरी मागे पडली, निलगिरीची झाडं संपली, पिवळं गवत सुरू झालं. रोमुलो माहिती देत होता. इंकांना चाक ठाऊक नव्हतं, असं तो सांगत असतानाच चिल्कापाता गावाच्या तोंडाशी गाडी थांबवावी लागली. रस्त्यात माणसं होती.

पन्नासएक माणसं नवीन कपडे घालून एका नव्या कोऱ्या घरासमोर उभी होती. कुणीही काहीही करत नव्हतं. छप्पर घालून झालं होतं, पण कौलांच्या शेंड्यावर क्रूस आणि मातीचे दोन बैल बसवायचे राहिले होते. ते बसवल्याशिवाय घरात राहायला जाता येत नाही, आणि ते बसवायचे पाद्रिनोने. क्रूस आणि बैल आदल्या दिवशीच्या बसने येऊन पोचले होते. पाद्रिनो पोचला नव्हता. कुस्कोचा कुणी बडा कंत्राटदार होता म्हणे. सकाळपासून सगळा गाव कुस्कोच्या दिशेने डोळे लावून बसला होता, आणि कुस्कोकडून टाय लावलेला एक माणूस आला.

"आले! आले!" असा गजर झाला. कुणीतरी पाचेकोंच्या डोक्यावर रंगीत कागदाचे कपटे उधळले. घराचा मालक, सिप्रियानो कोराहुआ, टोपी छातीशी धरून पुढे आला.

"मी तो नव्हे," पाचेको काच खाली करून म्हणाले. "आम्ही वायरापुंकूला चाललोय."

हे भाषांतर करून सांगायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. त्या मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून क्वेचुआत बराच वेळ बोलल्या. नुसतं 'नाही' सांगायला एवढा वेळ लागत नाही हे पाचेकोंच्या लक्षात यायला हवं होतं. बोलणं संपलं तेव्हा बायका रडत होत्या आणि सिप्रियानो पाचेकोंचा हात कुरवाळत होता.

"तुझी आई काय म्हणाली?" पाचेकोंनी बायकोला विचारलं.

"म्हणाली, तो पहिला आला नाही हे बरंच झालं, देवाने त्याच्याहून चांगला पाठवला."

"दोमितिला, जाऊन सांग की..."

"तूच सांग ना. तुझ्या तोंडात जीभ आहे."

रोमुलो मोबाइल काढून चित्रण करत होता. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघून पाचेको गाडीतून उतरले. साडूदेखत माघार घेण्यापेक्षा छपरावर चढलेलं बरं.

छपरावर चढणं सोपं होतं, कारण खालून चार जण ढकलत होते. क्रूस बसवला. डावा बैल उजवीकडे बसला, तो खालून पन्नास जणांनी ओरडून पुन्हा डावीकडे बसवून घेतला. मग क्रूसाला टांगलेली चिचाची, म्हणजे मक्याच्या दारूची, बाटली काठीने फोडायची होती. पहिला फटका हुकला. दुसराही हुकला. तिसरा मात्र पाचेकोंनी कुस्कोच्या इभ्रतीसाठी म्हणून हाणला. बाटली फुटली, चिचा तोंडावर उडाली, त्यांनी डोळे मिटून मान झटकली, आणि नाकावरचा चष्मा कौलांवरून घसरत, उड्या मारत खाली अंगणात गेला. तिथे नाच सुरू झालेला होता.

नाचणाऱ्यांपैकी कुणीतरी चष्मा आणून दिला. म्हणजे दांड्या आणून दिल्या.

आता हे सांगायला हवं की पाचेकोंचा स्वतःचा नंबर भलताच जास्त होता. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचं जग दुधात कालवल्यासारखं दिसे. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते बजावून सांगत, 'जादा चष्मा जवळ बाळगा, प्रवासात तर हवाच.' त्यांचा जादा चष्मा दुकानाच्या खणात होता.

"दिसतंय ना?" रोमुलोने विचारलं.

"लांबचं उत्तम दिसतं," पाचेको एका खांबाकडे बघत म्हणाले.

"मी इकडे आहे."

जेवण झालं, नाच झाला, आणि गाडी चालवायला रोमुलो बसला. लिमातल्या सवयीने त्याने प्रत्येक वळणावर आधी हॉर्न आणि मग स्टिअरिंग वापरलं. पण रस्ता चढत गेला तशी हवा विरळ होत गेली, आणि इंकांना चाक ठाऊक नव्हतं हे तो पुन्हा सांगत असताना मध्येच गप्प झाला. समुद्रकाठच्या माणसाला डोंगराची हवा लागली की आधी त्याचं बोलणं जातं, मग रंग जातो, मग जेवण जातं. रोमुलोचं सगळं याच क्रमाने गेलं. त्याला मागे आडवं करावं लागलं.

तेव्हा चाक हातात घेतलं सिप्रियानोच्या बायकोने, बेनिताने. कारण कोराहुआ कुटुंब गाडीतच होतं. पाचेको पाद्रिनो होताच सिप्रियानो त्यांचा कोम्पाद्रे झाला होता. हे नातं भावकीपेक्षा घट्ट समजतात, आणि भावकीला गाडीतून सोडत नाहीत असं कसं म्हणणार? शिवाय तेही वरच, आंताकोचा गावात, लेकीकडे निघाले होते. नातवाचं जावळ होतं. बेनिता बटाट्याचा ट्रक चालवायची. तिने डोक्यावरची उंच टोपी नीट केली आणि गाडी अशी हाणली की मागचा रोमुलो मनापासून देवाचं नाव घेऊ लागला.

"जावळाचा पाद्रिनो कोण आहे?" पाचेकोंनी सहज विचारलं.

बेनिताने आरशातून नवऱ्याकडे बघितलं.

"तोच होता," सिप्रियानो हळूच म्हणाला. "कंत्राटदार. दोन्ही कार्यं त्याच्याच गळ्यात घातली होती."

पाचेकोंनी 'गळ्यात' हा शब्द ऐकला आणि टाय सैल केला.

आंताकोचात पोचेपर्यंत उन्हं कलली होती. लेकीच्या अंगणात घोंगड्या अंथरल्या होत्या. तीन वर्षांचा एदिल्बर्तो मध्यभागी ऊर फुटेस्तोवर रडत होता. त्याच्या कधीही न कापलेल्या केसांच्या बारीक बटा करून प्रत्येक बटेला लाल फीत बांधली होती. आई घ्यायला गेली, तो ओरडला. बेनिता गेली, तो चावला. सातुर्निनाआजींनी त्याला मांडीवर घेतलं, कानात काहीतरी गुणगुणलं, आणि पोरगं त्यांच्या वेणीशी खेळत गप्प झालं.

पाचेकोंच्या हातात कात्री दिली गेली. रीत अशी की पहिली बट पाद्रिनोने कापायची आणि ताटलीत ठेवायची. मग इतरांनी.

"मी नको," पाचेको बायकोच्या कानात म्हणाले. "मला काही दिसत नाही."

"मघाशी उत्तम दिसत होतं ना?"

"ते लांबचं!"

"मग लांबून काप," दोमितिला म्हणाली. लग्नाला एवढी वर्षं झाली की बायका अशी उत्तरं देऊ शकतात.

पाचेको वाकले. समोर एक तपकिरी ढग होता, तो पोराचा चेहरा असावा. ढगावर काळी सावली होती, ते केस. आणि सावलीच्या टोकाला लाल काहीतरी होतं. लाल म्हणजे फीत. त्यांनी अदमासाने बट चिमटीत धरली आणि कात्री चालवली. कात्री जड गेली. एवढ्याशा पोराचे केस इतके दाट असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. म्हणून त्यांनी जोर लावला.

कचकन आवाज झाला. बासरीवाला सुरातच थांबला.

ताटलीत चांगली वीतभर पांढरी वेणी पडली होती, टोकाला लाल लोकरीच्या गोंड्यासकट.

एदिल्बर्तो तेवढा हसला. दोमितिलाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती रडते आहे की हसते आहे हे पाचेकोंना कळेना, कारण तेवढं बघायलाही चष्मा लागतो. त्यांनी कात्री खाली ठेवली. ऐंशी वर्षांच्या बाईची वेणी. तिच्या नवऱ्याच्या मयतालासुद्धा जी कापली नव्हती, ती.

"आई," ते म्हणाले. त्यांनी सासूबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच आई म्हटलं. "आई, माझ्या हातून..."

सासूबाईंनी वेणीचं उरलेलं टोक चाचपलं. दुसऱ्या वेणीला लावून बघितलं. मग क्वेचुआत सिप्रियानोला काहीतरी विचारलं. सिप्रियानो डोकं खाजवू लागला. म्हातारी माणसं जमली. बराच खल झाला. शेवटी सिप्रियानो पुढे येऊन, घसा साफ करून म्हणाला, "कोम्पाद्रे, आमच्यात असं आहे. जावळाच्या ताटलीत ज्याने पहिले केस ठेवले, तो पाद्रिनो. केस कुणाचे, याला काही नियम नाही. तुम्ही आजींचे पाद्रिनो झालात."

"मी? यांचा? अहो, या माझ्या सासूबाई आहेत!"

"होत्या. आता लेक पण झाल्या."

गावाने टाळ्या वाजवल्या. पाचेकोंनी मग बेनिताने हात धरून दाखवलेली पोराची बटही कापली, म्हणजे त्या दिवसातलं तिसरं पाद्रिनोपण झालं. या गडबडीत सासूबाईंनी एवढंच विचारलं, "पाद्रिनो लेकीला भेट देतो ना? काय देतो?"

"मेंढी देतात," सगळे म्हणाले.

"विचार करून सांगते," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोमुलो घोंगड्यांच्या ढिगाखाली कोकाच्या पानांचा काढा पीत पडला होता. त्याच्या उशाशी गावातले तीन म्हातारे बसून त्याला लिमाविषयी माहिती देत होते. दोमितिला त्याच्या सोबतीला थांबली. ती माहिती तिला ऐकायची होती. वायरापुंकूला जायला उरले ते पाचेको आणि सासूबाई. पायवाट सरळ आहे, चुकणार नाही, असं बेनिताने सांगितलं.

"चल, पाद्रिनो. मी दाखवते," सासूबाईंनी पाचेकोंचा हात धरला.

त्या पुढे, हे मागे. वारा अंगावर येत होता. पाय दगडी पायऱ्यांवर पडले तेव्हा पाचेकोंना कळलं की आपण पोचलो. आत शिरलो की नाही हे अर्थातच ठरायचं होतं.

"काय काय आहे, आई?"

"फार मोठं आहे," सासूबाई म्हणाल्या. "समोर भिंत. तिच्यावर आणखी भिंत. डावीकडे दार."

"आणि ते मध्ये पांढरं उभं आहे, ते काय?"

सासूबाईंनी मान तिकडे वळवली. "तो पुतळा आहे. राजाचा. उंच मान आहे, बघ, कसा रुबाबात उभा आहे."

पाचेकोंचा ऊर भरून आला. साडूने कधी नावही न ऐकलेल्या ठिकाणी इंका राजाचा पुतळा! त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. सासूबाईंनीही मान लववली. दोघं बराच वेळ तसेच भक्तिभावाने उभे होते. मग राजा वळला, दोन पावलं चालला, आणि गवत खाऊ लागला.

वारा तेवढा घोंघावत होता.

"आई," पाचेको म्हणाले, "तो लामा आहे."

"हं."

"तुम्हाला दिसत नाही?"

"तुला दिसत होतं?"

पाचेको तिथेच एका दगडावर बसले. सासूबाईही चाचपत शेजारी बसल्या. "कधीपासून?" पाचेकोंनी विचारलं.

"झाली पुष्कळ वर्षं. घर पाठ आहे मला. माणसं आवाजावरून कळतात. तू पाय घासत चालतोस."

"पण मी चष्म्याचाच धंदा करतो ना! एका शब्दाने सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर दोमितिलाने मला चुलीपाशी बसू दिलं असतं? 'आई, भाजेल. आई, पडशील. आई, खोलीतच बस.' मग मी दिवसभर करू काय?"

पाचेकोंना घर आठवलं. घरात येता-जाता, जिथे तिथे धडकणारे ते स्वतःच होते, सासूबाई कधीच नाही. त्यांना एकदम हसू आलं. आधी त्यांनी ते खोकल्यात दडवलं, पण शेजारी सासूबाईंचे खांदे हलताना जाणवले आणि मग दोघंही आवरेना इतकी हसली. लामा दचकून पळाला. परत येताना ती दोघं वाट चुकली ती चुकलीच. शेवटी बेनिता शोधत आली तेव्हा पाचेको एका गवताच्या गंजीला वायरापुंकूचं मुख्य दार समजून हात लावून बघत होते.

"मेंढी नको मला," उतरताना सासूबाई म्हणाल्या. "चष्मा दे. आणि दोमितिलाला मी सांगेन तेव्हाच कळू दे."

रोमुलो लिमाला परत गेला आणि त्याने सगळीकडे वायरापुंकूचं वर्णन करायला सुरुवात केली. जागा अप्रतिम आहे, फक्त जाणकारांनीच जावं, असं तो सांगत होता म्हणे. पाचेकोंनी त्याला खोडून काढलं नाही. त्यांना वेळच नव्हता. चिल्कापात्याहून कोम्पाद्रेने बटाट्याची पोती पाठवली होती, आणि पाठोपाठ स्वतः सहकुटुंब राहायला आला होता.

पुढच्या आठवड्यात दुपारी दुकान बंद ठेवून पाचेकोंनी सासूबाईंना खुर्चीवर बसवलं. मोतीबिंदू वगैरे काही नव्हतं. साधा नंबर होता, फक्त फार वर्षं राहून गेलेला. एकेक भिंग घालत, काढत शेवटी त्यांनी जोडी ठरवली, चौकटीत बसवली आणि दोन्ही हातांनी हळूच त्यांच्या नाकावर ठेवली.

सासूबाईंनी आधी भिंत बघितली. मग छत. मग समोर वाकून उभ्या असलेल्या जावयाकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"अरे देवा," त्या कळवळून म्हणाल्या. "तू एवढा म्हातारा कधी झालास रे?"

पाचेकोंना हे लागलं. त्यांनी टाय सारखा केला, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला आरसा उचलला आणि दुकानाच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्यासमोर धरला.

सासूबाईंनी आरशात पाहिलं. चष्मा थोडा वर केला, थोडा खाली केला. आखूड वेणी खांद्यावरून पुढे घेतली, पुन्हा मागे टाकली.

"चष्मा झकास आहे, पाद्रिनो," शेवटी त्या म्हणाल्या. "आरसा तेवढा बदल."